रहिमाबींना घेऊन श्रीवर्धनला

आम्ही दोघं सायकलींवरून कोकणात जाणार, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि "बरं नाही का वाटत?" असं विचारलं. घरी तर बोलायलाच नको. सासूबाईंना आम्ही हरिहरेश्वराच्या दर्शनाला जातो असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण देवाला माणसं बोटीने जातात, पायी जातात, सायकलवर बसून कोणी जात नाही, आणि बायकोमाणसाने तर नाहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "देवाने तसं कुठे सांगितलंय?" त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस मला तयारीला बरे पडले.

खरं कारण देवाचं नव्हतं. पुण्यात हल्ली मोटारींचा इतका सुळसुळाट झाला आहे की रस्त्याने सायकल हाकताना जीव मुठीत धरावा लागतो. भोंगा वाजला की मी दचकते, मी दचकले की हे हसतात, आणि हे हसले की माझं डोकं फिरतं. यांचे एक मोजणीखात्यातले स्नेही आहेत. ते सांगत होते, माणगाव सोडून नबाबाच्या संस्थानच्या हद्दीत शिरलात की लाल मुरुमाचा रस्ता लागतो, समुद्रापर्यंत जातो, आणि दिवसदिवस त्याच्यावर मोटारीचं तोंड दिसत नाही. ते ऐकलं आणि मी ठरवून टाकलं. यांनी ठरवायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

माझी सायकल बायकी आहे, पुढचा दांडा खाली वाकलेला. नेसण नऊवारी. काष्टा घट्ट मारला की पायडल मारायला याच्याइतकं सोयीचं दुसरं वस्त्र नाही, हे मी कोणालाही पटवून द्यायला तयार आहे.

माणगाव सोडल्यावर

माणगावपर्यंत कसे पोचलो ते सांगत बसत नाही. आगगाडी झाली, मोटार झाली, आणि मोटारीच्या टपावर बांधलेल्या सायकली पडतात की काय म्हणून यांची मान खिडकीबाहेर राहून अवघडली, तेही झालं. माणगावच्या बाहेर पहिला चढ चढून गेलो आणि एकदम सगळं गप्प झालं.

रस्ता म्हणजे लाल मुरुमाचे दोन पट्टे, बैलगाड्यांच्या चाकांनी घोटून गुळगुळीत झालेले, आणि मध्ये गवताचा उंचवटा. एका पट्ट्यात हे, दुसऱ्यात मी. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण असं शेजारी शेजारी, कोणाला वाट न देता, गप्पा मारत आम्ही कधी गेलो नव्हतो. दोन्हीकडे भात कापून झालेली खाचरं, त्यांत वाल पेरलेला, बांधावर धोतरं वाळत घातलेली आणि माणसं गप्पा मारत उभी. देशावर आमच्याकडे शेत म्हणजे नजर जाईल तिथवर. इथे शेत म्हणजे अंगणाएवढं, आणि त्यावर मायाही अंगणाएवढीच.

भेटत होत्या त्या बैलगाड्या. गाडीवान बहुतेक झोपलेले असायचे. बैलांना वाट पाठ. पण बैलांना सायकल पाठ नव्हती, त्यामुळे समोरून गाडी आली की आम्ही खाली उतरून सायकली झाडीत घालून उभे राहत होतो. एक गाडीवान जागा होऊन म्हणाला, "बाय, तुमी वाट देताव? ह्या वाटेला अजून कुनी कुनाला वाट दिली न्हाय." त्याला ते फार गमतीचं वाटलं असावं, कारण वळणापलीकडे जाईपर्यंत त्याचं हसू ऐकू येत होतं.

संस्थानच्या नाक्यावर शिपायाने यांची खादीची टोपी पाहून विचारलं, "गांधीवाले काय?" मिठाच्या सत्याग्रहाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण टोपीची धास्ती अजून होती. हे गडबडले. मी म्हटलं, "आम्ही देवदर्शनाला निघालोय." शिपायाने माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, आणि फक्त घंटी वाजवून बघू का म्हणून परवानगी मागितली. दिली. त्याने ती मनसोक्त वाजवली आणि नाक्याचा आडवा दांडा वर केला.

म्हसळ्याच्या अलीकडे एका वाडीवर संध्याकाळी शेकोटी दिसली म्हणून थांबलो. वालाच्या पहिल्या शेंगा मडक्यात भरून, वर भांबुर्डीचा पाला कोंबून, मडकं पालथं घालून भोवती जाळ केला होता. याला पोपटी म्हणतात. मडकं उघडल्यावर जो वास सुटला तो मी पुण्यात नेऊ शकत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. बायकांनी मला मध्ये बसवून घेतलं. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: सायकल चालवताना नवरा पुढे की बायको? मी म्हटलं, "शेजारी." एक म्हातारी म्हणाली, "मंग तुमची वाट रुंद हाय, बाय."

बोर्ली पंचतन

दुसऱ्या दिवशी म्हसळ्याहून बोर्लीच्या वाटेवर, मध्यान्हीच्या सुमाराला, भर रानात माझ्या मागच्या चाकात करवंदीचा काटा शिरला. पंक्चर काढायचं सामान होतं, पण भोक शोधायला पाणी हवं, आणि पाणी आम्ही पिऊन टाकलं होतं. त्यावरून आमचं किरकोळ भांडण चालू असताना मागून एक गाडी आली. गाडीत सुपारीची पोती, आणि पुढे पांढऱ्या दाढीचे, चौकड्याची लुंगी नेसलेले एक गृहस्थ. हे हसनमियां. बोर्लीचे सुपारीचे व्यापारी.

काय झालं ते विचारून त्यांनी गाडीतलं मडकं काढलं. आधी बैलांना पाजलं, मग आम्हाला दिलं, मग उरलेलं घमेल्यात ओतलं. ट्यूब पाण्यात धरल्यावर बुडबुडे आले तसे ते खाली उकिडवे बसले. "असा व्हय! बोलते ती. कुठं दुखता ते सांगते." ट्यूब दुरुस्त होईपर्यंत ते हलले नाहीत. नंतर म्हणाले, "आज आमच्याकडं ऱ्हायचा. दमलेली जनावरं घेऊन पुढं कुठं जाताव?" जनावरं म्हणजे सायकली, हे आम्हाला जरा वेळाने कळलं.

त्यांच्या घरी पोचलो ते माझा ब्रेक किंचाळत. ब्रेक दाबला की तो असा ओरडायचा की बोर्लीच्या बाजारातली कुत्री भुंकत बाहेर आली. हसनमियांनी कान टवकारून माझ्या चाकाकडे पाहिलं. अंगणात गेल्या गेल्या गड्याला हाक मारून त्यांनी दोन्ही सायकली धुवून घ्यायला लावल्या. पाहुण्याच्या जनावराचं आधी, पाहुण्याचं मग, हा त्या घराचा शिरस्ता. सायकली गोठ्यात बैलांशेजारी बांधल्या गेल्या. बांधल्या म्हणजे खरोखर दाव्याने बांधल्या.

त्यांच्या बीबी रहिमाबी. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, गुडघ्याने अधू, डोळे मात्र मुलीसारखे. त्यांनी मला आत नेलं आणि दारातच अडून विचारलं, "आमच्या हातचा खाल ना, बाय? न्हायतर शेजारच्या भटणीकडं शिधा धाडते. ती रांधून देल." कोणी हिंदू पाहुणा आला तर तसंच करायची तिथे रीत आहे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मी म्हटलं, "तुमच्याच हातचं." तरी त्यांनी आणखी दोनदा विचारलं. तांदळाची भाकरी, नारळाचं दूध घातलेलं वालाचं बिरडं, वर कोकमाचं सार. सासूबाई हे वाचणार आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते, की त्या बिरड्यासारखं बिरडं मी आजवर खाल्लं नव्हतं.

जेवताना मी सहज विचारलं, "मुलंबाळं किती?" रहिमाबींचा वाढता हात थांबला. मग सगळं बाहेर आलं. एकच मुलगी, जुलेखा. श्रीवर्धनला दिलेली. जावई इसाक हसनमियांच्याच धंद्यात होता. गेल्या वर्षी त्याची जंगबारला एका दुकानात नोकरी ठरली होती, आणि बाळंतपण उरकून आता तो बायको-मूल घेऊन आफ्रिकेला चालला होता. हसनमियांचे दोन भाऊ समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. त्यांनी जावयाला बजावलं, जाऊ नको. जावयाने ऐकलं नाही. मग भडकून त्यांनी चारचौघांत कसम घातली, की माझ्या घरची गाडी त्या बोटीच्या वाटेला जाणार नाही. त्याला वर्ष होत आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही त्यामुळे सासरीच झालं. चार महिन्यांचा नातू रहिमाबींनी पाहिला नव्हता. आणि परवा सकाळच्या बोटीने ती तिघं निघणार होती.

"दुसऱ्या कोणाची गाडी?" मी विचारलं.

"बोर्लीत कोन देल? त्यांच्या कसमेला मोडता घालील असा कोन हाय?" त्या म्हणाल्या. "चालत गेले असते, तर गुडघ्यान दगा दिलाय. बाय, आफ्रिकेला गेलेली पोर परत कवा येते? मी तवर ऱ्हाते का?"

मला सहन होईना. माझा स्वभाव असा आहे की दुसऱ्याच्या घरातलं भांडण मला स्वतःच्या घरातल्यापेक्षा जास्त टोचतं. जेवण होताच मी ओटीवर गेले आणि हसनमियांना सरळ म्हणाले, "उद्या आम्ही श्रीवर्धनला निघालोय. रहिमाबींना मी माझ्या मागे बसवून नेते."

हे खोकायला लागले. हसनमियांनी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी मोडंल तुमची."

"मोडली तर माझी मोडेल. तुमच्या घरची नाही."

ते उठले, आणि नमाजाला निघून गेले. हो नाही, की नाही नाही.

किनाऱ्याची वाट

सकाळी हसनमियां घरात नव्हते. बागेकडे गेले असं गडी म्हणाला. रहिमाबी तयार होत्या, पांढरी चादर अंगभर घेऊन, हातात नातवासाठी बांधलेलं गाठोडं. पण पाय निघेना. "न बोलता गेले," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "म्हंजे काय समजायचा? ते रागात गेले, तर मी कुठल्या तोंडान घरी येऊ?" मी म्हटलं, नको असतं तर नको म्हणाले असते. पण मलाही तेवढी खात्री नव्हती. त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, मागे घेतला, परत टाकला. शेवटी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मी गोधडी बांधली, त्यांना बसवलं, आणि विचार करायला वेळ न देता पायडल मारलं.

गाड्यांचा रस्ता आतून जातो. आम्ही घेतली ती दिवेआगर, भरडखोल, शेखाडी अशी समुद्राकाठची पाऊलवाट. रहिमाबींनीच ती धरायला सांगितलं. तिथे कोणी नसतं. बोर्लीच्या हसनमियांची बीबी दोन चाकांवर बसून चालली, हे कोणाच्या दृष्टीस पडू नये एवढीच त्यांची इच्छा.

दिवेआगरला ओहोटी होती. ओहोटीच्या वेळची वाळूची ओली पुळण सायकलीला इतकी छान असते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फरसबंदीसारखी टणक, आणि अडथळा म्हणून एक नाही. डावीकडे सुपाऱ्यांच्या बागा, उजवीकडे समुद्र, पुढे नजर पोचेल तिथवर रिकामं. रहिमाबी आधी माझी कंबर गच्च धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "बाय, अंगाला वारा लागतोय." मग आणखी वेळाने, "जरा जोरात चालवताव?" मी जोरात चालवली. त्यांची चादर डोक्यावरून घसरली तरी त्यांनी ती सावरली नाही. मागून हे सामानाचं ओझं घेऊन धापा टाकत येत होते, त्यांच्याकडे आम्ही दोघींनी लक्ष दिलं नाही.

कोणी नसतं म्हणतात तिथे नेमकं सगळं गाव असतं. भरडखोलला ओहोटीमुळे कोळणी खडकांवर कालवं काढायला उतरल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. आम्ही वळण घेऊन त्यांच्या पुढ्यात आलो तेव्हा कोयते हातातच राहिले. रहिमाबींनी माझ्या पाठीत तोंड लपवलं. एक धिप्पाड कोळीण पुढे आली. तिने रहिमाबींना ओळखलं होतं. मी मनात म्हटलं, आता झालं.

"बीबी," ती म्हणाली, "लेकीकडं निघालाव ना?"

चादरीतून मान हलली.

"जावा जावा. आमी काय बगला न्हाय." आणि मागे वळून तिने बाकीच्यांना ओरडून विचारलं, "काय गो, तुमी काय बगलाव?" सगळ्या एका सुरात "न्हाय" म्हणाल्या आणि हसत खडकांकडे वळल्या. मला तिथेच उतरून त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. उतरले नाही, कारण पुन्हा बसणं फार कठीण होतं.

भरडखोलनंतर वाट डोंगराच्या कुशीने वर चढते. चढ आम्ही चालत काढला, मी सायकल ढकलत आणि रहिमाबी यांच्या सायकलीचा आधार घेत, दर दहा पावलांवर थांबून गुडघा चोळत. माथ्यावरून खाली शेखाडीची घरं, तांबडा उतार आणि पलीकडे समुद्र असं दिसलं. "आता बसा," मी म्हटलं. "आता काही श्रम नाहीत."

दिवसभरात ब्रेकला हात लावायची वेळ आली नव्हती. पुळणीवर ब्रेक कशाला लागतो? उताराला लागल्यावर मी तो दाबला. ओरडला नाही. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, ओरडला नाही आणि थांबतही नाही. मी सगळी ताकद लावली. चाक मजेत फिरत होतं.

"बाय, लय जोरात," रहिमाबी म्हणाल्या.

"मी नाही जोरात! ही आपण होऊन जातेय!"

त्यांनी अल्लाला हाक मारली, मी गणपतीला. मागून यांचा "डावीकडे, डावीकडे" असा आरडाओरडा. डावीकडे एक खळं होतं आणि खळ्यात भाताच्या पेंढ्यांची उंच उडवी. मी डोळे मिटून हँडल वळवलं.

पेंढा मऊ असतो. मी त्यात खांद्यापर्यंत शिरले होते. रहिमाबी माझ्या शेजारी आडव्या, तोंडात भाताची काडी, गाठोडं पोटाशी. एक कुणबीण काठी घेऊन धावत आली. तिला वाटलं रेडा शिरला. आम्हाला पाहून तिने काठी टाकली आणि कंबरेवर हात ठेवून बोलायला सुरुवात केली. "उडवी रचायला दोन दिस लागलं माज्या धन्याला! ह्या वयात ह्यो काय खेल? लाजा न्हाईत?" एवढं बोलून झाल्यावर तिने आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं, पाणी दिलं, आणि रहिमाबींचा गुडघा स्वतः चोळून दिला. बोलणं मात्र तेवढ्या वेळात एकदाही बंद नव्हतं.

यांनी सायकल सरळ करून ब्रेक तपासला. बोट रबरावर फिरवून नाकाशी नेलं. "खोबरेल," हे म्हणाले. रबरांना, लोखंडी पट्टीला, चाकाच्या कडेला आतून बाहेरून सगळीकडे खोबरेल तेल. त्याचा ओशट थर बसला होता. "गाढवपणा!" मी म्हटलं. "धुताना त्या गड्याने चोपडलं असणार."

रहिमाबी लंगडत जवळ आल्या. ब्रेकच्या काडीत चिंधी अडकली होती. त्यांनी ती ओढून काढली आणि हातात धरून पाहत राहिल्या. निळ्या चौकड्यांची, लुंगीची चिंधी.

"गड्यान न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी लावलानी. काल आपन आलू तवा चाक रडत व्हता ना? गाडीचा चाक रडला की त्यांना झोप येत न्हाय. तेल लावल्याबिगर ते गाडी बाहेर काडत न्हायत. पहाटे उठून लावलानी असंल." मग त्या खाली बसल्या. "म्हंजे मी जानार ते त्यांना ठावं व्हता. मला सुखान जाता यावा म्हनून लावलानी. रागात न्हाय गेले, बाय. रागात न्हाय गेले."

आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जन्मभर गाड्या बाळगलेला माणूस. कुरकुरणारी वस्तू तेल मागते, एवढं त्याला पक्कं ठाऊक. ओरडणं हेच ब्रेकचं काम आहे हे त्याला कोणी सांगायचं? आम्हाला मारायला निघालेल्या त्या तेलावर मला रागावता येईना. कुणबिणीने चुलीतली राख आणून दिली, ती घासून आम्ही ब्रेक पुन्हा रडता केला. उठताना रहिमाबींनी मला विचारलं नाही. स्वतःच जाऊन गोधडीवर बसल्या.

श्रीवर्धन

आईलेकींची भेट मी लिहिणार नाही. ते माझ्या पाहण्यासाठी नव्हतं, आणि मी पाहिलंही नाही. अंगणात जाऊन सुपाऱ्या सोलणाऱ्या बायकांत बसले. एवढंच सांगते, की रहिमाबींनी नातवाला घेतलं ते रात्री निजेपर्यंत खाली ठेवलं नाही. इसाक पंचविशीचा, शांत, बोलताना जमिनीकडे पाहणारा मुलगा. त्याने मला सासऱ्यांबद्दल फक्त एकच विचारलं, "चाचा काय बोलले?" मी म्हटलं, काही नाही. त्याने मान हलवली.

सकाळी आम्ही सगळे बंदरावर गेलो. बोट लांब, खोल पाण्यात उभी राहते. माणसं आणि सामान पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. किनाऱ्याला ही झुंबड. पेट्या, सुपारीची पोती, कोंबड्या, रडणाऱ्या बायका, आणि सगळ्यांवर ओरडणारा पडावाचा तांडेल. त्याला बोट निघायच्या आत दोन खेपा करायच्या होत्या. जुलेखा पोराला घेऊन पडावात बसली होती. इसाक सामान चढवत होता.

रहिमाबींनी माझा हात दाबला. त्या पाहत होत्या तिकडे मी पाहिलं. उंडीच्या झाडाखाली, ओढून ठेवलेल्या होडीला टेकून, हसनमियां बसले होते. वहाणा हातात. पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेले. गाडी न आणायची कसम होती, ती त्यांनी पाळली होती. बोर्लीहून चालत आले होते.

पण पुढे येईनात. तिथेच बसून पडावाकडे पाहत होते. मी निघाले त्यांना हाताला धरून आणायला. यांनी माझा पदर धरला. "तू नको," हे म्हणाले. रहिमाबीही हलल्या नाहीत. "त्यांना येऊ दे," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, हा हट्टी म्हातारा असाच बसून राहणार, पडाव जाणार, आणि मग सासरा-जावई जन्मभर एकमेकांशी बोलणार नाहीत. इतका राग आला, इतका राग आला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

इसाकने त्यांना पाहिलं. त्याने खांद्यावरची पेटी खाली ठेवली, कमरेइतक्या पाण्यातून चालत किनाऱ्याला आला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. सलाम केला. आम्ही ऐकू येईल इतके जवळ होतो.

हसनमियां म्हणाले, "दोन भाव गेले माझे ह्या पान्यात. मी काय वाईट बोललू?"

"न्हाय, चाचा. वाईट न्हाय बोललाव," इसाक म्हणाला. "पन मला जावा लागंल."

तांडेल ओरडत होता. हसनमियांनी पडावाकडे पाहिलं. "पोर कुठं बसवलीस?"

"कडंला."

"कडंला नको. लाट बसते. मदी बसव. बोटीवर चढताना आधी पोरगा वरच्याच्या हातात दे, मंग तिला चढव. घाई करू नको. आनि खाली निजू नका, गुदमरता. वरती जागा धर."

"व्हय," इसाक म्हणाला.

हसनमियां उठले. वहाणा वाळूत टाकल्या आणि लुंगी न खोचता, तशीच भिजवत पाण्यात शिरले, पडावापर्यंत गेले. जुलेखाने त्यांना पाहिलं. तिने नुसतं पोरावरचं पांघरूण बाजूला केलं. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इसाक मागोमाग येऊन चढला आणि ती तिघं मध्ये सरकून बसेपर्यंत त्यांनी पडावाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. लाटा नव्हत्या. धरायची काही गरज नव्हती.

"चाचा, हात काडा," तांडेल म्हणाला.

"काडतो," ते म्हणाले.

काढले नाहीत. रहिमाबी पाण्यात जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, चादर भिजत, गुडघ्याचं भान नसल्यागत. त्यांनीही कड धरली.

"चाचा, भरती लागंल. दुसरी खेप हाय मला."

"काडतो, काडतो."

सकाळपासून अख्ख्या बंदरावर ओरडणाऱ्या त्या तांडेलाने दोघांकडे एकदा पाहिलं. मग वल्हं आत घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं, आणि बोटीने भोंगा वाजवीपर्यंत तो गप्प बसून राहिला.